दातुनावरचा नरम काटा

रायपूरला जाऊन आले म्हटल्यावर दारव्ह्यात ज्याने त्याने मला एकच प्रश्न विचारला, ‘तिथं पाहण्यासारखं काय आहे?’ मी तलाव सांगितले, राजधानीचे रुंद रस्ते सांगितले, पिकलेल्या धानाची शेतं सांगितली. खरं म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतला तिथला माझा बराचसा वेळ बोटाच्या दोन पेरांएवढ्या एका अळीच्या मागे गेला. तिच्यापायी मी जे रायपूर पाहिलं ते एरवी पाहिलं नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं ते आमच्या कॉलेजातल्या सरांमुळे, आणि पुढे एम.एस्सी. झाले तीही सरांमुळे. परीक्षेच्या दिवसांत ते प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे देऊन जात, ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. आज मी आमच्याच गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते.

त्या प्रयोगशाळेत पतंगांच्या काचेच्या पेट्या होत्या. एका पेटीत रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, खाकी रंगाचा एक पतंग टाचलेला होता. पंखांची टोकं अणकुचीदार, आणि एका पंखाच्या टोकापासून निघून थेट मागच्या पंखावर उतरणारी एक तिरपी रेघ. खाली कुणीतरी फक्त ‘रायपूर’ लिहिलं होतं. सरांनी त्याचं नाव ट्रॅमिंडा मुंडिसिमा असावं असं ठरवलं होतं. या कुळातल्या पतंगांच्या अळ्या टेपने जमीन मोजत निघाल्यासारख्या चालतात, म्हणून कुळाचं शास्त्रीय नावही ‘भूमी मोजणारे’ अशा अर्थाचं आहे. पुस्तकं म्हणतात की या पतंगाची अळी बाभळीच्या जातीच्या झाडांवर वाढते. सर म्हणत, ‘पुस्तकात मीही वाचलंय. झाडावर पाहिलेली नाही. तुझी मावशी रायपूरला असते ना? कधी गेलीस तर बाभळी बघून ये.’

मी दोनदा रायपूरला गेले होते, एकदा लग्नाला आणि एकदा मावशीचे यजमान, म्हणजे काका, वारले तेव्हा. बाभळी पाहायचं राहिलंच होतं.

गुढियारी

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. लग्न होऊन रायपूरला आली, काका रेल्वेत होते, ते गेल्यावरही ती गुढियारीतच राहिली. घरापासून मालधक्का जवळ. दिवसभर हमालांचे आवाज, ट्रकचे हॉर्न, आणि मधूनच डबे जोडल्याचा धडाका. मावशीला त्यातलं काही ऐकू येत नाही. मी मात्र पहिल्या रात्री प्रत्येक धडाक्याला उठून बसले.

तिचा मुलगा अविनाश माझ्याहून लहान, नव्या रायपूरला एका सरकारी कार्यालयात आहे. त्याला मराठी सगळं कळतं. बोलतो मात्र हिंदीतच. मावशी वऱ्हाडीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांचं उत्तम चालतं.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नळाजवळच्या ओट्यावर दात घासायला बसली होती. सत्तरीतही तिचे दात शाबूत आहेत आणि त्याचं सगळं श्रेय ती बाभळीच्या दातुनाला देते. बाजारातल्या बाईकडून ओल्या काड्यांची जुडी घ्यायची, रोज एक काडी चावून तिचा कुंचला करायचा. मी पेस्ट लावलेला ब्रश घेऊन शेजारी उभी होते, त्यामुळे माझ्या दातांविषयी तिचं भाषण चालू होतं.

‘तुमच्या त्या फेसानं काय होते वं? नुस्तं तोंड गोड होते. हे पाह्य, हे असं...’ म्हणत तिनं नवी काडी तोंडाकडे नेली आणि थांबली. ‘इथी काटा राहिला वाटते.’

दातुन विकणाऱ्या बायका काडीवरचे काटे कोयत्याने खरवडून टाकतात. एखादा राहतो. मावशीनं तो मोडायला दोन नखांत धरला.

‘अगं माय! नरम आहे हा!’

काडी अंगणात उडाली. मी ब्रशसकट तिच्या मागे गेले आणि गुडघ्यांवर बसून पाहू लागले. काडीवर एक बारीक, करडा-तपकिरी, खोडासारखाच खरबरीत तुकडा तिरका उभा होता. हललाही नाही. मी काडी हळूच फिरवली, तेव्हा तो वाकला, शेपटीचं टोक डोक्याजवळ आणलं, पाठीची कमान केली, पुन्हा सरळ झाला आणि काडी मोजत चालायला लागला.

आमच्याकडे सोयाबीनवर अशीच कमान करणारी हिरवी अळी पडते, तिला उंटअळी म्हणतात आणि तिच्यासाठी फवारणीचा पंप बाहेर निघतो. पण उंटअळी वेगळ्या कुळातली. तिला मागच्या बाजूला पायांच्या जास्त जोड्या असतात. मी नीट पाहिलं. हिला अगदी शेपटीकडेच दोन जोड्या होत्या, मधलं सगळं अंग मोकळं. ही खरी मोजणारी होती, आणि ती बाभळीच्या काडीवर होती, रायपुरात.

अवि दाराशी येऊन उभा राहिला. ‘दीदी, ये क्या कर रही हो? फेंको बाहर यार.’

‘काहून फेकते?’ मावशी म्हणाली. घाबरून झालं होतं, आता तिला उत्सुकता होती. ‘मास्तरीण आहे थे, तिले पाहू दे. वर्षे, चावते काय गं हे?’

‘नाही मावशी. याचा पतंग होईल. बघ, पेटीतला तो पतंग जर याचाच निघाला...’ मी तिला सगळं सांगितलं. अळीवरून जात नक्की सांगता येत नाही, अळी जगली, कोष झाला, त्यातून पतंग बाहेर आला आणि त्याच्या पंखावर ती तिरपी रेघ दिसली, तरच खरं. म्हणजे हिला जगवायचं.

‘जगवू मंग,’ मावशी म्हणाली आणि लोणच्याची बरणी घासायला घेतली.

पंडरी

बरणीच्या तोंडाला बांधायला जाळीचं कापड हवं होतं. अविने मला स्कूटरवरून पंडरीला नेलं. दिवाळीच्या तोंडावर तो कापडबाजार म्हणजे नुसती माणसं आणि गठ्ठे. साड्यांची ठोक दुकानं, एकेका दुकानात पांढऱ्या गाद्यांवर बसलेले व्यापारी, आणि खेड्यापाड्यांतल्या दुकानदारांची घाई. आमच्या दारव्ह्याच्या बाजारात कापड पाहायला माणूस आला की आधी चहा येतो. इथे आधी प्रश्न येतो, किती थान, म्हणजे किती तागे?

‘मच्छरदानी का कपड़ा चाहिए,’ मी म्हणाले.

‘कितना थान, दीदी?’

मी हाताने वीतभर दाखवलं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग अविकडे. ‘भैया, इतने में तो मच्छर भी नहीं सोएगा.’

‘कीड़े के लिए है,’ अवि खाली बघत म्हणाला. गादीवरचे सगळे हसले. पण एका पोरसवदा विक्रेत्याने थानाच्या टोकाची फाटकी चिंधी काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ‘ले जाओ. दिवाली में उसका भी घर बन जाए.’

परत येताना अविने रेल्वेच्या कडेच्या बाभळीची डहाळी तोडली. ओरखडे पडले म्हणून रस्ताभर कुरकुरत होता. मी डहाळी बरणीत ठेवली, अळी तिच्यावर सोडली, जाळी बांधली आणि निश्चिंत झाले.

अळीने पानाला तोंड लावलं नाही.

संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ती बरणीच्या काचेवर मोजत वर जायची, जाळीखाली गोल फिरायची, मोजत खाली यायची. पानांवर रेल्वे यार्डाकडची काळी पूड बसलेली होती. मला वाटलं त्यामुळेच. मी पानं धुतली, पुसली, पुन्हा ठेवली. नाही. मी दुसऱ्या बाजूच्या झाडाची कोवळी पानं आणवली. नाही. तिसऱ्या दिवशी ती आखडलेली दिसली, रंग उतरलेला. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘झाड तेच आहे का? काही अळ्या फार नखरेल असतात. जिथली, तिथलं पान दे.’

त्या दिवसांत मावशीच्या घरात दोघांना आग्रह चालला होता. मावशी मला, आणि मी अळीला. सकाळी फरा असायचा. तांदळाच्या पिठाचे बोटभर वळलेले लांबट गोळे वाफवून वरून तीळ-मोहरीची फोडणी. आपल्या शेंगोळ्यांची आठवण येते, पण इथे सगळं तांदळाचं. पोळी तांदळाची, धिरडं तांदळाचं, उरलेला भातही पाण्यात घालून सकाळी कांद्याबरोबर खायचा. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या पोटाला दोन दिवस आपण जेवलोय हेच कळत नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी जेवण उतरेना.

‘घे वं अजून दोन,’ मावशी ताटात फरा टाकत म्हणायची.

‘मावशी, पुरे झालं गं.’

‘पुरे कशाचं? तिकडं ते पोट्टं खाऊन नाही राहिलं, इकडं तू. दोघं मिळून मले बदनाम कराल.’

शेवटी दातुनवालीकडे जायचं ठरलं.

तिचं नाव सुकवारो. गुढियारीच्या बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला ती टोपली घेऊन बसते. नीम, करंज आणि बाभूळ यांच्या वेगवेगळ्या जुड्या, वर ओलं पोतं. तिथे बाभळीला बमरी म्हणतात. मी समोर उभी राहिले आणि वर्गात विचारते तशा मोठ्या, स्पष्ट आवाजात विचारलं, ‘दीदी, आपकी दातुन में कीड़ा निकला था. ये किस पेड़ की थी?’

जुडी निवडणाऱ्या दोन बायकांनी हात मागे घेतला.

सुकवारोचे डोळे मोठे झाले. हळू बोल म्हणून तिनं हाताने खुणावलं. ‘धीरे गोठिया न दाई! मोर दातुन म कीरा नइ राहय!’

‘नहीं नहीं, अच्छा कीड़ा है,’ मी म्हणाले. त्याने आणखी बिघडलं. एक बाई पदर सावरून निघूनच गेली.

मावशी पुढे झाली. तिनं सुकवारोचा हात धरला आणि हिंदी, वऱ्हाडी, छत्तीसगढी असं सगळं एकत्र करून तिच्या कानात बरंच काही सांगितलं. त्यात ‘मास्टरिन’, ‘कॉलेज’ आणि ‘थोड़ी भोली है’ एवढं मला ऐकू आलं. सुकवारोने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘काली आ जा,’ ती म्हणाली. ‘मोर रुख ला देख ले अपन आँखी ले. कीरा नइ मिलही त पूरा बजार म बताबे.’

कीडा सापडला नाही तर मी बाजारभर तसं सांगायचं. मी लगेच हो म्हणाले. मला कीडा सापडायलाच हवा होता, आणि तिला तो सापडायला नको होता. तरीही आम्ही दोघी एकाच झाडाकडे निघालो.

भनपुरीच्या पुढे

दुसऱ्या दिवशी मी आणि अवि स्कूटरवर सुकवारोच्या गावाला निघालो, बरणी माझ्या मांडीवर ओढणीत गुंडाळलेली. भनपुरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना ट्रकच ट्रक. टायरची दुकानं, ढाबे, गोदामं. मधल्या धुळीत पुढचं काही दिसत नव्हतं. मग ट्रकांची रांग संपली, आम्ही एका कच्च्या रस्त्याला वळलो, आणि एकदम सगळीकडे धान.

आमच्याकडे शेत म्हणजे काळी, उतरती, मोकळी जमीन. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभूळ आली तर शेतकरी ती काढतो, सावलीत कपाशी वाढत नाही म्हणून. इथे मी पहिल्यांदा उलटं पाहिलं. लहान लहान चौकोनी बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, प्रत्येकीला मातीचा बांध, आणि जवळजवळ प्रत्येक बांधावर बाभूळ. लावलेली नाही, आपोआप उगवलेली आणि मुद्दाम राखलेली. खाली पिवळं होत चाललेलं धान, वर बारीक पानांची विरळ सावली. नांगराचं लाकूड तिचंच, चुलीचं जळण तिचंच, शेळ्यांना शेंगा तिच्या आणि शहराला दातुन तिचं. दर वर्षी फांद्या छाटतात, म्हणून झाडं डोक्यावर केस उभे राहिलेल्या माणसांसारखी दिसतात, सरळ कोवळ्या कोंबांचे झुबके.

सुकवारोने आधी अंगणात बसवून तांदळाचा चीला, म्हणजे तेच धिरडं, आणि पाट्यावर वाटलेली टमाट्याची चटणी खाऊ घातली. न खाता शेतात पाठवणार नाही म्हणाली. मला मावशी आठवली. चीला मात्र असा जाळीदार होता की मी आग्रहाशिवाय दुसरा घेतला.

मग बांधावर. माझी पद्धत सोपी होती. प्रत्येक कोंब जवळून पाहायचा, काटा दिसला की बारीक काडीने स्पर्श करायचा. बाभळीला जोडीजोडीने काटे असतात, आणि माझ्या ओढणीला त्यातला प्रत्येक काटा भेटला. उन्हं चढली. पायाखालच्या गवतातून एकदा फिकट, कागदाच्या कपट्यासारखं काहीतरी उडालं, वाऱ्याने बाजूला गेलं आणि वाळल्या पानांत असं बसलं की मी तिथेच पाय ठेवून उभी राहिले तरी पुन्हा दिसलं नाही. तो पतंग होता का, मी सांगू शकत नाही.

सुकवारो बांधावर बसून माझी गंमत पाहत होती. ‘मिलिस का?’ ती दर थोड्या वेळाने विचारायची. मी नाही म्हटलं की समाधानाने मान हलवायची.

अवि सावलीत मोबाईल बघत उभा होता. मच्छर मारायला त्याने हात झटकला, तो एका कोंबाला लागला.

‘दीदी.’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘काँटा हिला.’

मी पोचले तेव्हा तो बोट न उचलता दाखवत होता. कोंबाला मागच्या पायांनी धरून एक अळी तिरकी उभी होती, अगदी काड्यांमधली एक काडी. तिच्या तोंडापासून एक बारीक धागा कोंबाला टेकलेला होता, उभं राहताना तोल जाऊ नये म्हणून. माझ्या बरणीतलीपेक्षा लहान. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. बऱ्याच वेळाने ती वाकली आणि बाभळीचं पिटुकलं पान कडेने खायला लागली.

‘खा रही है,’ अवि म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला होता. ‘मम्मी को वीडियो भेजता हूँ.’

सुकवारो मात्र उठून उभी राहिली होती. ‘ले, मिल गे तोर कीरा. अब?’

आता तिला माझी भीती होती. मी तिला सांगितलं, हा दाताला लागत नाही, माणसाला काही करत नाही, आणि बाजारात मी तोंड उघडणार नाही. बदल्यात हा एवढा एक कोंब यंदा कापू नका.

‘नइ काटंव,’ ती म्हणाली. ‘फेर तैं बजार म कीरा-कीरा झन कहिबे.’

‘नाही म्हणणार.’

आता झाड तेच, पान तेच. मी घाईने त्याच झाडाची डहाळी तोडली आणि माझ्या उपाशी अळीसाठी बरणी उघडली. बरणीत अळी नव्हती.

जाळी शाबूत होती. काचेवर नाही, डहाळीवर नाही. मी तळाची सुकलेली पानं बाजूला केली तेव्हा ती दिसली. निम्म्याने आखडलेली, सुरकुतलेली, कडक. हलवलं तरी हलली नाही.

सुकवारोने डोकावून पाहिलं. ‘मर गे,’ ती म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात समाधान नव्हतं. अविने मोबाईल खिशात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते उन्हामुळे, असं मी त्यांना सांगितलं.

बरणी उजेडात धरली तेव्हा काहीतरी चमकलं. धागे. चार-पाच वाळकी पानं एकमेकांना अत्यंत बारीक धाग्यांनी बांधलेली होती आणि अळी त्या पानांच्या मधोमध होती. कुणी मरताना असं अंथरूण बांधत नाही.

ती उपाशी नव्हती. तिचं खाऊन कधीच झालं होतं, बहुतेक मावशीनं नखात धरली त्याच्या आधीच. काचेवरून फिरत होती ती पान शोधायला नाही, जमीन शोधायला. पाचोळ्यात शिरून कोष करायला. मी हे शिकलेले होते, मुलांना शिकवतेही, अळी कोष करण्याआधी खाणं सोडते. पण आमच्याकडच्या अळ्या मी नेहमी खाताना पाहिल्या होत्या, पिकाचा फडशा पाडताना. खात नाही म्हणजे मरतेय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. शिवाय दिवसभर मावशी मला खा-खा म्हणत होती, तेच मी अळीला म्हणत गेले.

मी अविला सांगितलं तेव्हा तो बांधावर बसूनच हसायला लागला. ‘बेचारी तीन दिन से बोल रही है पेट भर गया, और आप पत्ता धो-धो के खिला रही हो!’

दिवाळी

कोष झाला. वाळक्या पानांच्या आड तपकिरी, गुळगुळीत, मुगाच्या शेंगेच्या तुकड्याएवढा. मावशीनं बरणी फराळाच्या डब्यांमागे ठेवली, उंदीर येऊ नये म्हणून त्यावर पितळेची चाळणी. रोज सकाळी दातुन तोंडात धरून ती आधी बरणी पाहायची.

दिवाळीच्या आधी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका-मुली सुआ नाचायला आल्या. टोपलीत धान, धानावर मातीचा पोपट, म्हणजे सुआ, आणि त्याच्याभोवती गोल करून टाळ्यांच्या तालावर गाणं. पोपटाजवळ आपलं सुखदुःख सांगायचं, असा त्याचा अर्थ अविने मला सांगितला, हिंदीत. मावशीनं त्यांना सुपातून धान घातलं. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरतात, ते आठवलं. गोवर्धनपूजेच्या दिवशी सुरणाची कढी केली, घसा खाजला तरी सगळे खातात. भाऊबीजेला अविला ओवाळलं. त्याने ओवाळणीत मला खिशात मावेल असं भिंग दिलं. स्वतः जाऊन आणलं होतं.

परतीच्या तिकिटाचा दिवस आला, पण कोष उघडला नव्हता. फक्त गडद झाला होता. सर फोनवर म्हणाले, ‘आता हलवू नकोस. गाडीच्या धक्क्यांनी पंख बिघडतील.’

‘माह्यापाशी राहू दे,’ मावशी म्हणाली. ‘इतके दिस पाहून राहिली, अजून चार दिस पाहीन.’

मी तिला नीट समजावलं. पतंग आला की आधी पंख पूर्ण वाळू द्यायचे. अविने फोटो काढायचा. मग बरणी तशीच फ्रीजमध्ये वर, बर्फाच्या कप्प्यात. त्याला कळत नाही, तो झोपतो. मग अवि डबीत घालून पाठवेल आणि सर खरी नोंद करतील.

‘हं,’ मावशी म्हणाली. तिनं मला गाडीसाठी फरा बांधून दिला, चौघांना पुरेल एवढा.

दारव्हा

कॉलेज उघडल्यावर एका सकाळी तिचा फोन आला.

‘वर्षे, तुह्यं पाखरू आलं.’

‘कसं आहे मावशी?’

‘कसं म्हंजे, वाळल्या पानावानी. पण वाळलेलं नाही पूर्ण. थोडं हिरवट आहे, जसं झाडावरून आत्ता पडलं. अन् रेघ आहे वं! तिरपी. या पंखातून निघाली ते त्या पंखात गेली. साडीची घडी घातल्यावर खालचा काठ वरच्या काठाशी बरोबर जुळते पाह्य, तशी जुळली. तूच सांगे ना रेघ असन म्हणून, तर मी चष्मा लावून पाह्यली.’

मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होते. मला वाटेल तेवढं ओरडता आलं नाही.

‘फ्रीजमध्ये ठेवलं?’

‘थांब, गॅस बंद करते,’ ती म्हणाली.

‘मावशी?’

‘नाही ठेवलं,’ ती म्हणाली. ‘पाह्य, आपल्या घरी आलं. तू त्याले खा-खा केलं, पण त्यानं आपल्या घरचं एक पान खाल्लं नाही. झोपलं, उठलं, जायले निघालं. आता त्याले बर्फात घालू? मले नाही जमलं, बापा. सुकवारोच्या रिकाम्या टोपलीत देल्लं, ओल्या पोत्याखाली. थे घेऊन गेली गावाले. झाडापाशी पोतं काढलं तं उडालं म्हणे. तू रागावशील तं रागाव.’

मी रागावले. फोन ठेवल्यावर बराच वेळ रागावलेली होते. नोंद नाही, नमुना नाही, आणि मी स्वतः तर तो पाहिलाही नाही. अविने फोटो पाठवला, त्यात अर्ध्या भागात मावशीची बांगडी होती आणि उरलेल्या अर्ध्यात एक धूसर, अणकुचीदार पंख. रेघ मात्र होती. बांगडीच्या मागून निघून मागच्या पंखावर उतरणारी.

रविवारी मी तो घेऊन सरांकडे गेले. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, चष्मा काढून पाहिला. ‘तीच जात असावी,’ ते म्हणाले. ‘कागदावर येणार नाही. पण तीच असावी.’ मग विचारलं, ‘मावशी काय म्हणाली? हिरवट?’

‘आत्ता पडलेल्या पानासारखं, म्हणाली.’

‘आपला तर खाकी आहे.’ ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. ‘पेटीत राहून उतरला असणार रंग. मी तोच खरा समजत होतो.’ आणि मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी मला बांधावरच्या झाडाबद्दल विचारायला सुरुवात केली. कोंब किती उंचीवर होता, खाली गवत कोणतं, अळी कोणत्या बाजूने खात होती. मी सांगत गेले. त्यांच्या घरी चहा दोनदा झाला. माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही.

कॉलेजच्या रस्त्यावर नाल्याच्या पुलापाशी एक बाभूळ आहे. विद्यार्थिनी असल्यापासून मी तिच्याजवळून जाते. परवा थांबले. सायकलवरून जाणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींनी वळून पाहिलं. मी एक कोंब वाकवला आणि एक काटा दोन नखांत धरला. काटाच होता, टोचला. मग पुढचा धरला.